चहाची पारख आणि तिच्यामागचा संशय

चहा चाखणाऱ्याचा भुरका पहिल्यांदा ऐकला की हसू आवरत नाही. एरवी कुणी असा आवाज काढला तर आपण डोळे वटारू. पण चमच्यातला घोट हवेसकट झटक्यात ओढला की तो तुषारांसारखा तोंडभर पसरतो आणि वास टाळ्यामागून नाकात चढतो. जिभेला मोजक्याच चवी कळतात. चहाचा तुरटपणा तर तोंड कोरडं पडल्यासारखा होणारा स्पर्शच जास्त. बाकीचं काम नाकाचं. मग घोट थुंकायचा आणि पुढच्या कपाकडे वळायचं. हे सगळं आज रसिकतेत जमा होतं. पण मागे जाऊन पाहिलं तर चहाचे कप शेजारी शेजारी ठेवले गेले ते बरेचदा शंका आली म्हणून: सांगतात तोच माल आहे ना हा?

चहावरचा सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ आठव्या शतकातला, चीनमधल्या थांग राजवटीतल्या लू यू याचा. त्यात पाण्याचीही प्रतवारी आहे: डोंगरातलं उत्तम, नदीचं मध्यम, विहिरीचं कनिष्ठ. त्याच्याविषयीची एक गोष्ट नवव्या शतकात लिहून ठेवलेली सापडते. यांगत्सी नदीच्या पात्रातलं, नानलिंगचं पाणी आणायला एका शिपायाला पाठवलं होतं. लू यूने त्यातलं पळीभर उचललं आणि म्हणाला, नदीचंच आहे, पण काठाजवळचं. शिपाई कबूल होईना. तेव्हा लू यू भांडं रिकामं करू लागला, निम्म्यावर थांबला आणि म्हणाला, इथून पुढचं नानलिंगचं. शिपायाला कबूल करावंच लागलं: काठाला येताना नाव हेलकावली, निम्मं पाणी सांडलं, ते त्याने तिथेच भरून घेतलं होतं. एकत्र झालेलं पाणी असं थर धरून राहत नाही, म्हणजे गोष्ट रचलेली आहे हे उघडच आहे. पण ‘पाणी जोखणं’ हा वाक्प्रचार इतका शब्दशः दुसरीकडे क्वचितच लागू पडेल.

आलं, कांद्याची पात, संत्र्याची साल, पुदिना असं काहीबाही घालून उकळलेल्या चहाला मात्र याच लू यूने गटारात फेकायचं पाणी म्हटलं. स्वतः तो चहात मीठ घालायचा, हे आपलं जाता जाता. चहा एका बाजूला आणि बाकीचा पाला दुसऱ्या बाजूला, ही रेघ इतकी जुनी आहे.

पुढे चीनच्याच सोंग राजवटीच्या काळात चहाची भुकटी घुसळून स्पर्धा लागत. फेस पांढराशुभ्र हवा आणि टिकायला हवा. तो नीट दिसावा म्हणून काळे वाडगे पसंत केले जात.

जपानमध्ये चौदाव्या शतकात याची थेट पैजच झाली. क्योटोजवळच्या तोगानोओचा चहा तो ‘होन्चा’ म्हणजे अस्सल, बाकीचा सगळा ‘हिचा’ म्हणजे तो नव्हे. आणि कुठला कुठला हे घोटावरून ओळखायचं. नंतर खेळ बारीक होत गेला. एका प्रकारात दहा वाडगे असत: तीन चहा आधी चाखायला मिळत आणि खेळात प्रत्येकी तीनदा येत, चौथा ‘पाहुणा’ चहा न चाखवता एकदाच मध्ये घुसवला जाई. डाव इतके मोठे लागू लागले की 1336च्या शोगुनशाहीच्या, म्हणजे लष्करी राजवटीच्या, नियमावलीत अशा बैठकांवर ताशेरे ओढावे लागले.

युरोपात संशयाला पैशाचं कारण मिळालं. लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीने चहाचा लिलाव सुरू केला 1679मध्ये, आणि लंडनचा शेवटचा लिलाव झाला 1998मध्ये. न पाहिलेल्या पेट्यांवर बोली लावायची तर नमुना चाखून खात्री देणारा माणूस लागतोच. त्यात चहा महाग, कर जबर, म्हणून भेसळ जोरात. ॲश, एल्डर, स्लो या झाडांचा पाला आणि वापरून वाळवलेली पत्ती चहात मिसळू नये म्हणून 1777मध्ये ब्रिटनला कायदा करावा लागला. वनस्पती गोळा करत फिरणाऱ्या रॉबर्ट फॉर्च्युन या स्कॉटिश माणसाने तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चीनमध्ये निर्यातीच्या हिरव्या चहाला प्रशियन निळा रंग आणि जिप्सम चोळताना पाहिलं. कामगारांचे हात निळे झाले होते. शंभर पौंड चहामागे अर्ध्या पौंडाहून जास्त रंग नि जिप्सम पोटात जातं, असा त्याचा हिशेब. हिरवा आणि काळा चहा एकाच झाडाचा असतो, हेही त्यानेच युरोपला पटवलं. वनस्पतींचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने 1762मध्ये त्यांच्या दोन वेगळ्या जाती मानल्या होत्या. अमेरिकेने 1897मध्ये आयात चहा चाखून पास-नापास करणारं तज्ज्ञ मंडळच कायद्याने नेमलं. ती व्यवस्था थेट 1996पर्यंत चालली.

संशयाची सगळ्यात देखणी परीक्षा मात्र चहाच्या धंद्याबाहेर झाली. 1920च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल या शैवालतज्ज्ञ बाईंनी सांगितलं की कपात आधी दूध घातलं की आधी चहा, ते चवीवरून कळतं. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी त्यावरून मांडणी केली: आठ कप, चार एका पद्धतीचे, चार दुसऱ्या, क्रम चिठ्ठ्या टाकून. चार कप निवडण्याचे 70 मार्ग, म्हणजे नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. 1935च्या पुस्तकात फिशर यांनी हे सविस्तर लिहिलं, निकाल मात्र सांगितला नाही. जपानी डावातल्या दहा वाडग्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

तुलना करायची तर बाकी सगळं सारखं हवं. 1980च्या आंतरराष्ट्रीय मानकाने, आयएसओ 3103ने, ते कागदावर आणलं: 100 मिलिलिटर उकळत्या पाण्याला 2 ग्रॅम पत्ती, झाकण लावून सहा मिनिटं. त्याच पद्धतीच्या ब्रिटिश मानकाला 1999मध्ये इग नोबेल हे विनोदी पारितोषिक मिळालं. सहा मिनिटांचा चहा पिताना तोंड वाकडं होतं, पण त्यात दोष लपत नाही.

वनस्पतींच्या फांटांना, म्हणजे गरम पाण्यात पाला भिजवून केलेल्या पेयांना, असं एक माप मिळालं नाही. ते मुळात औषधाच्या कपाटातले. शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथात प्रमाणं काटेकोर आहेत: फांटाला कुटलेल्या द्रव्याच्या चौपट गरम पाणी, हिमाला सहापट गार पाणी आणि रात्रभर भिजत, काढ्याला सोळापट पाणी, आटवून आठवा भाग उरेपर्यंत. पण ही मापं गुणासाठी, चवीसाठी नाहीत. चहाच्या बाजारात पाला आला तो भेसळ म्हणून, किंवा 1773च्या आसपास अमेरिकी वसाहतींत ब्रिटिश चहा नाकारताना प्यायलेला पर्याय म्हणून. म्हणजे कायम चहाशी ताडून पाहिला गेलेला.

दक्षिण आफ्रिकेच्या रूइबॉस या झुडपाच्या फांटाला मात्र 2012मध्ये स्वतःचं चवचक्र, म्हणजे चवी-वासांच्या नावांचा गोल तक्ता, मिळालं, स्टेलनबॉश विद्यापीठातल्या कामातून. मध, लाकूड, फुलं या वासांना त्यात मान आहे आणि हिरवट वास दोषात मोडतो. सेंचा या जपानी हिरव्या चहाच्या कपात तोच हिरवटपणा हवाहवासा असतो.