बायबलचे अध्याय, ओव्या आणि मधूनच गळालेले आकडे : पार्श्वभूमी

बायबल अभ्यासाच्या गटात काही प्रश्न हमखास निघतात. मत्तयाचा सतरावा अध्याय वाचताना एकाच्या प्रतीत एकविसावी ओवी असते, तर दुसऱ्याच्या प्रतीत विसावरून थेट बाविसावी. एकाकडे ६६ पुस्तके, शेजारच्या कॅथलिक घरातल्या प्रतीत ७३. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे स्तोत्र आपल्याकडे २३वे, पण जुन्या लॅटिन प्रार्थनापुस्तकात २२वे. मग कोणी म्हणतो, बायबल बदलले. कोणी म्हणतो, अमुक पंथाने पाने फाडली. या शंकांची उत्तरे बहुतेक वेळा धर्मतत्त्वात सापडत नाहीत. ती हस्तलिखितांच्या आणि छापखान्यांच्या इतिहासात आहेत. तो इतिहास माहीत असला की वाचण्याची रीतही बदलते.

सुरुवातीला आकडे नव्हतेच. नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या, येशूपासूनच्या भागाची, सर्वांत जुनी ग्रीक हस्तलिखिते सलग मोठ्या अक्षरांत आहेत. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हे जवळपास नाहीत. हिब्रू परंपरेत परिच्छेदांची शिस्त मात्र फार जुनी आहे. नवा परिच्छेद नव्या ओळीवर सुरू करायचा की त्याच ओळीत थोडी जागा सोडून, हे ठरलेले असे. आजही यहुदी सभास्थानात वाचल्या जाणाऱ्या तोराच्या (मोशेच्या पाच पुस्तकांच्या) गुंडाळीत एकही क्रमांक नसतो. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप युसेबियस याने चार शुभवर्तमानांचे (येशूचे चरित्र सांगणाऱ्या पुस्तकांचे) लहान-लहान भाग पाडून त्यांना क्रमांक दिले आणि समांतर उतारे दाखवणारी दहा कोष्टके केली. एकच प्रसंग मत्तय, मार्क आणि लूक यांच्यात कुठे आहे हे त्यावरून सापडे. शेकडो वर्षे शुभवर्तमानांच्या हस्तलिखितांच्या समासात हेच आकडे लिहिले जात. आजच्या अध्यायांशी त्यांचा काही संबंध नाही.

आजचे अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीचे. त्यांचे श्रेय स्टीफन लँग्टन यांना दिले जाते. ते पॅरिसमध्ये शिकवत आणि पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाले. गरज अगदी व्यावहारिक होती. वर्गात शंभर विद्यार्थ्यांकडे शंभर वेगळ्या प्रती, प्रत्येकीत वेगळी विभागणी. मग गुरुजींनी सांगितलेली जागा सापडायची कशी? त्याच सुमारास पॅरिसमध्ये पातळ चर्मपत्रावरची, एका खंडात मावणारी बायबले तयार होऊ लागली आणि त्यांच्याबरोबर लँग्टन यांचे अध्याय युरोपभर गेले. १२३०च्या दशकात पॅरिसच्याच डॉमिनिकन मठात सेंट-शेरच्या ह्यू यांच्या देखरेखीखाली लॅटिन बायबलची शब्दसूची, म्हणजे कोणता शब्द कुठे येतो याची यादी, तयार झाली. तेव्हा ओव्यांचे क्रमांक नव्हतेच. म्हणून प्रत्येक अध्यायाचे अंदाजाने सात भाग मानून त्यांना a पासून g पर्यंत अक्षरे दिली गेली. शब्द अध्यायाच्या सुरुवातीला आहे, मध्यावर की शेवटाकडे, एवढे कळले तरी पुष्कळ होते.

यहुदी विद्वानांनी हे ख्रिस्ती अध्याय का स्वीकारले, हा प्रश्नही विचारला जातो. पंधराव्या शतकाच्या मध्यास रब्बी इसहाक नाथान यांनी हिब्रू शास्त्राची (ख्रिस्ती लोकांच्या जुन्या कराराची) शब्दसूची केली. यहुदी आणि ख्रिस्ती यांच्या धर्मवादात ख्रिस्ती पक्ष अध्यायाचा आकडा सांगून बोले आणि उत्तर देणाऱ्याला ती जागा पटकन सापडणे भाग होते. आकडे घेतले, तरी काही ठिकाणी हिब्रू छपाईची विभागणी वेगळी राहिली. हिब्रूत मलाखीचे तीन अध्याय आहेत, आपल्या प्रतीत चार. योएलचे हिब्रूत चार, आपल्याकडे तीन. मजकूर दोन्हीकडे तोच. स्तोत्रांत आणखी एक गंमत आहे. ‘प्रमुख गवयासाठी, दाविदाचे स्तोत्र’ अशी जी शीर्षओळ असते, ती हिब्रू गणतीत ओवी म्हणून मोजतात. ५१व्या स्तोत्राची शीर्षओळ लांब असल्याने दोन ओव्यांचा फरक पडतो आणि आपली पहिली ओवी हिब्रूत तिसरी होते. एखाद्या टीकाग्रंथातला संदर्भ एक-दोन ओव्यांनी चुकतोय असे वाटले, तर आधी हे तपासावे.

ओव्यांची कथा उशिराची आहे. हिब्रू शास्त्रात ओवीचा शेवट कुठे, हे मासोरेट, म्हणजे हिब्रू मजकूर काटेकोर जपणाऱ्या यहुदी लेखनिकांनी दहाव्या शतकापर्यंत चिन्हांनी पक्के केले होते, पण त्यांना क्रमांक नव्हते. १५२८मध्ये लिओँ इथे सांतेस पाग्निनो यांच्या लॅटिन बायबलमध्ये ओव्यांना आकडे आले. त्यांच्या नव्या करारातल्या ओव्या मात्र आजच्यापेक्षा बऱ्याच लांब होत्या आणि त्या टिकल्या नाहीत. टिकली ती रोबेर एस्तिएन या मुद्रकाची विभागणी. पॅरिसहून जिनिव्हाला गेलेल्या एस्तिएन यांनी १५५१मध्ये ग्रीक नवा करार क्रमांकित ओव्यांसह छापला. १५५३मध्ये त्यांचे संपूर्ण फ्रेंच बायबल याच पद्धतीने आले. इंग्रजीत १५६०चे जिनिव्हा बायबल क्रमांकित ओव्यांचे पहिले पूर्ण बायबल ठरले. एस्तिएन यांचा हेतू शब्दसूचीचाच होता. त्यांच्या मुलाने पुढे लिहिले की हे काम बरेचसे पॅरिस ते लिओँ प्रवासात झाले. त्यावरून घोड्याला ठेच लागली की ओवी तुटे, असा विनोद रूढ झाला. प्रवासातल्या मुक्कामांवर काम झाले असावे, हा अर्थ अधिक पटण्यासारखा आहे.

म्हणजे अध्याय आणि ओव्या हा पत्ता आहे, विचाराची सीमा नव्हे. जिनिव्हा बायबलपासून प्रत्येक ओवी नव्या ओळीवर छापण्याची पद्धत पडली आणि वाचकाला ओवी हे स्वतंत्र सुभाषित वाटू लागले. अभ्यासातल्या बऱ्याच चुका इथे सुरू होतात.

काही तुटलेल्या जागा मुद्दाम पाहाव्यात. उत्पत्तीचा पहिला अध्याय सहाव्या दिवशी संपतो. सातवा दिवस दुसऱ्या अध्यायात ढकललेला आहे, वर्णन मात्र एकच. अभ्यासक ते २:४च्या पहिल्या अर्ध्यापर्यंत मानतात आणि ‘२:४अ’ असे लिहितात. यशयातले दुःख भोगणाऱ्या सेवकाचे गीत ५२:१३ला सुरू होते. नुसता ५३वा अध्याय वाचणारा त्याच्या पहिल्या तीन ओव्या गमावतो. मार्क ९:१ हे मार्क ८च्या शेवटच्या बोलण्याचे टोक आहे, आणि १ करिंथ ११:१ हे दहाव्या अध्यायाचे. लग्नात वाचला जाणारा १ करिंथ १३ हा कृपादानांवरून (पवित्र आत्म्याने दिलेल्या देणग्यांवरून) भांडणाऱ्या मंडळीला लिहिलेल्या सलग युक्तिवादाचा मधला भाग आहे. १२ आणि १४ वाचल्याशिवाय त्याची धार कळत नाही.

इफिस ५:२२ सर्वांत बोलके उदाहरण आहे. पत्नींना उद्देशून असलेल्या या ओवीत काही अत्यंत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत क्रियापदच नाही. ते आधीच्या ओवीतून घ्यावे लागते, आणि ती ओवी सर्वांना एकमेकांच्या अधीन राहायला सांगते. अनेक छापील प्रतींत नेमके या दोन ओव्यांच्या मध्ये जाड अक्षरांत उपशीर्षक येते. ती उपशीर्षके संपादकांची असतात, मूळ मजकुराची नसतात. स्तोत्रांच्या शीर्षओळी मात्र प्राचीन आहेत. दोन्ही एकाच पानावर शेजारी दिसतात म्हणून गल्लत होते.

प्रभूचे शब्द लाल अक्षरांत छापण्याची कल्पनाही १८९९मध्ये न्यूयॉर्कमधल्या लुई क्लॉप्श यांनी आणली. ग्रीकमध्ये अवतरणचिन्हे नाहीत. म्हणून योहानाच्या तिसऱ्या अध्यायात येशूचे बोलणे १५व्या ओवीवर संपते की २१व्या, हे संपादक ठरवतो. लाल शाई त्याचा निर्णय दाखवते, एवढेच.

आकड्यांत गूढ अर्थ शोधणाऱ्यांसाठी इथेच एक कडू गोळी. बायबलच्या बरोबर मधोमध ११८व्या स्तोत्राची आठवी ओवी आहे, असा संदेश फोनवर फिरतो. रूढ गणतीने ६६ पुस्तकांत १,१८९ अध्याय आहेत. त्यांतला मधला ११७वे स्तोत्र. इंग्रजी किंग जेम्स आवृत्तीत ओव्या ३१,१०२, म्हणजे सम संख्या. एकच मधली ओवी असूच शकत नाही. यशयाचे ६६ अध्याय आणि बायबलची ६६ पुस्तके हाही योगायोगच. मृत समुद्राजवळच्या कुम्रानच्या गुहेतली यशयाची मोठी गुंडाळी सुमारे सात मीटर लांब आहे, तिच्यात ५४ स्तंभ आहेत आणि अध्याय एकही नाही.

आता गळालेले आकडे. १५१६मध्ये बाझेल इथे डच विद्वान इरास्मस यांनी ग्रीक नवा करार छापला. हाताशी असलेली मोजकी हस्तलिखिते उशिराच्या काळातली होती. प्रकटीकरणाची, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकाची, तर एकच प्रत मिळाली आणि तिचे शेवटचे पान गहाळ होते. शेवटच्या ओव्या त्यांनी लॅटिनवरून ग्रीकमध्ये उलट भाषांतर करून भरल्या. त्यामुळे २२:१९मध्ये ‘जीवनाच्या झाडा’ऐवजी ‘जीवनाचे पुस्तक’ आले. हीच संहिता थोड्याफार दुरुस्त्यांनी पुढची तीन शतके चालली. एस्तिएन यांनी क्रमांक घातले ते याच संहितेवर.

पुढे जुनी हस्तलिखिते अभ्यासकांच्या हाती आली. सिनायच्या सेंट कॅथरिन मठातले चौथ्या शतकातले हस्तलिखित जर्मन अभ्यासक टिशेनडॉर्फ यांनी १८४४ आणि १८५९च्या भेटींत उजेडात आणले. व्हॅटिकनचे तितकेच जुने हस्तलिखितही सविस्तर अभ्यासता येऊ लागले. काही ओव्या या प्रतींत नाहीत, हे तेव्हा स्पष्ट झाले. मत्तय १७:२१ बहुधा मार्क ९:२९वरून आली. नकलनिसाला दुसऱ्या शुभवर्तमानातला तोच प्रसंग पाठ असे आणि वाक्य सहज इकडे उतरे. मार्क ९:४४ आणि ४६ या ४८व्या ओवीच्याच आवृत्त्या. योहान ५:४मधला पाणी ढवळणारा देवदूत हे सातव्या ओवीचे स्पष्टीकरण. समासातली टीप मजकुरात शिरल्याचे हे ठळक उदाहरण मानले जाते. प्रेषितांची कृत्ये ८:३७मधली इथिओपियाच्या षंढ अधिकाऱ्याची विश्वासाची कबुली इरास्मस यांना एका हस्तलिखिताच्या समासातच मिळाली. तरी ती फार जुनी आहे. दुसऱ्या शतकात बिशप इरेनियस यांना ती ठाऊक होती.

नव्या आवृत्त्यांनी या ओव्या तळटिपेत किंवा कंसात घातल्या. क्रमांक मात्र बदलले नाहीत, कारण ते बदलले असते तर तीनशे वर्षांचे सगळे संदर्भ चुकले असते. म्हणून विसानंतर बावीस. मार्क १६:९–२० आणि योहान ७:५३–८:११ हे मोठे भागही त्या जुन्या प्रतींत नाहीत, पण बहुतेक आवृत्त्या ते टीप देऊन ठेवतात.

स्तोत्रांच्या क्रमांकांतला फरक याहून जुना आहे. हिब्रू शास्त्राच्या प्राचीन ग्रीक भाषांतराने हिब्रूतली ९वे आणि १०वे ही स्तोत्रे एक मानली. (हिब्रू वर्णमालेचा क्रम दोन्हींतून चालतो, तेव्हा त्यांचे म्हणणे चुकीचे नसावे.) तिथून क्रमांक एकाने मागे पडतो. ११४–११५ पुन्हा एकत्र, ११६चे दोन तुकडे, १४७चेही दोन; शेवटी १४८पासून गाडी रुळावर. लॅटिन बायबल ग्रीक क्रमांक पाळते. त्यामुळे साधारण १० ते १४७ या पट्ट्यात जुन्या कॅथलिक संदर्भात एक मिळवायचा.

६६ आणि ७३ यांतला फरक फक्त जुन्या करारात आहे. नव्या कराराची २७ पुस्तके दोन्हीकडे सारखीच असून ती यादी अलेक्झांड्रियाचे बिशप अथनासियस यांच्या ३६७च्या पत्रात सापडते. तोबीत, यहूदीत, मक्काबींचे दोन ग्रंथ, ज्ञानग्रंथ, बेनसिरा आणि बारूख ही सात पुस्तके ग्रीक संग्रहात होती, हिब्रू शास्त्रात नव्हती. शिवाय एस्तेर आणि दानीएलमध्ये काही भाग जास्तीचे आहेत. प्रोटेस्टंट सुधारणेचे प्रणेते लूथर यांनी १५३४च्या जर्मन बायबलमध्ये ही पुस्तके फाडून टाकली नाहीत; दोन करारांच्या मध्ये वेगळी छापली. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४६मध्ये ती अधिकृत शास्त्र असल्याचे जाहीर केले. ब्रिटिश आणि परदेशी बायबल सोसायटीने १८२६मध्ये त्यांच्या छपाई-वाटपावर पैसा खर्च करायचा नाही असे ठरवले, आणि मिशनऱ्यांच्या बायबलांत ६६चाच संग्रह रूढ झाला.

मराठीत हे दोन्ही प्रवाह दिसतात. १६१६मध्ये गोव्यात राचोलला छापलेले फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण बायबलचे भाषांतर नव्हे, ओवी छंदातले कथन आहे; त्याची विभागणी ‘अवस्वरूं’ची (सर्गांची), लँग्टन यांच्या अध्यायांची नव्हे. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनचा मराठी नवा करार १८११चा. पंडिता रमाबाईंनी केडगावी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४मध्ये पूर्ण बायबल म्हणून प्रसिद्ध झाले.

आपल्या हातातली प्रत कोणत्या संहितेवर उभी आहे, हे चार जागा उघडून कळते. प्रेषितांची कृत्ये ८:३७ मजकुरात आहे, कंसात आहे की टिपेत? १ योहान ५:७मध्ये स्वर्गात साक्ष देणारे पिता, शब्द आणि पवित्र आत्मा असे तिघे आहेत का? (हे वाक्य इरास्मस यांनी १५२२च्या तिसऱ्या आवृत्तीत घातले, आधीच्या दोन आवृत्त्यांत ते नव्हते.) प्रकटीकरण २२:१९मध्ये झाड की पुस्तक? मार्क १६:८नंतर टीप आहे का? इरास्मस यांच्यापासूनची जुनी छापील संहिता आणि जुन्या हस्तलिखितांवरची नवी संहिता यांतला फरक इथे लगेच दिसतो. मग गटात दोन प्रती जुळल्या नाहीत तर भांडायच्या आधी तळटीप वाचावी, आणि पाठासाठी उतारा नेमताना अध्यायाचा आकडा न देता विचार जिथे सुरू होतो आणि संपतो त्या ओव्या द्याव्यात: यशया ५३ नव्हे, यशया ५२:१३ ते ५३:१२.