मेक्सिकन काळातल्या रँचोची सनद: अर्ज कसा व्हायचा आणि दावा कुठे अडायचा

कॅलिफोर्नियात घर घेतलं की दस्तातल्या जमिनीच्या वर्णनात कधी कधी एखाद्या रँचोचं नाव दिसतं. फ्रीमाँट-सनीव्हेलकडच्या मराठी मंडळींना ते पाहून प्रश्न पडतो. ही नावं, कॅलिफोर्निया मेक्सिकोत असताना, तिथल्या सरकारने गुराढोरांसाठी दिलेल्या मोठ्या जमिनींची आहेत. 1848 नंतर तिथे अमेरिकेचं राज्य आलं आणि ज्यांच्याकडे सनदा होत्या त्यांना आपलीच जमीन पुन्हा अर्ज करून सिद्ध करावी लागली. एकूण 813 दावे दाखल झाले, त्यांतले 604 शेवटी मंजूर झाले. काही मागे घेतले गेले, बाकीचे फेटाळले गेले. फेटाळलेले सगळे लबाड होते असं समजू नका. कागद कुठे कमी पडला ते पाहिलं की बऱ्याच जणांची कीव येते.

पहिली प्रक्रिया मेक्सिकन सरकारची. तिला आधार 1824 चा वसाहत कायदा आणि 1828 चे नियम. अर्जदार मेक्सिकन नागरिक हवा, जन्माने किंवा नागरिकत्व घेऊन, आणि कॅथलिक हवा. जॉन सटर हा स्वित्झर्लंडचा माणूस. त्याने 1840 मध्ये नागरिकत्व घेतलं आणि 1841 मध्ये गव्हर्नर अल्वाराडोकडून 11 चौरस लीग जमीन मिळवली. एका व्यक्तीला 11 चौरस लीग ही कमाल मर्यादा होती, म्हणजे साधारण 48,700 एकर. स्त्रियांना आणि मूळ रहिवाशांनाही अर्ज करता येत असे. प्रत्यक्षात मूळ रहिवाशांच्या वाट्याला फार थोडं आलं. 1834 पासून मिशनांच्या, म्हणजे कॅथलिक पाद्र्यांच्या ठाण्यांच्या, जमिनी मोकळ्या झाल्या. त्यांतला हिस्सा मिशनमध्ये राबलेल्या लोकांना द्यायचा असं ठरलं होतं, पण बहुतेक जमीन ओळखीपाळखीच्या कुटुंबांकडे गेली. हा अन्याय कागदावर कुठेच ‘नामंजूर’ म्हणून दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

अर्ज मुद्रांकित कागदावर, गव्हर्नरच्या नावे. त्यात नाव, धर्म, कुटुंब, गुरंढोरं आणि सोबत ‘दिसेन्यो’ म्हणजे जागेचा हाती काढलेला नकाशा. गव्हर्नर समासात शेरा मारून अर्ज स्थानिक अल्काल्देकडे (गावचा प्रमुख आणि न्यायाधीश) चौकशीला पाठवायचा: जागा मोकळी आहे का, कोणाची हरकत आहे का. अहवाल अनुकूल आला की सनद निघायची. एक प्रत अर्जदाराला, बाकी फाइल कॅलिफोर्नियाची तेव्हाची राजधानी मॉन्टेरे इथल्या दप्तरात. वर्षभरात घर बांधून राहायला जाणं ही नेहमीची अट.

यानंतरचे दोन टप्पे पुढे लोकांना नडले.

एक, विधानमंडळाची मान्यता. 1828 च्या नियमांप्रमाणे ती मिळाल्याशिवाय सनद पक्की होत नसे. ती मिळवायची जबाबदारी गव्हर्नरची. बहुतेक अर्जदार सनद हातात पडली की घरी जायचे, आणि त्यांनी तसं करण्यात काही चूकही नव्हती. तीस-चाळीस मैलांवरच्या शेजाऱ्याला जमीन कोणाची ते ठाऊक असताना आणखी शिक्का कोण मागणार?

दोन, ताबा आणि मोजणी. अल्काल्दे शेजाऱ्यांना साक्षीला बोलवायचा. पन्नास ‘व्हारा’चा दोर (एक व्हारा म्हणजे साधारण 33 इंच), दोन्ही टोकांना खुंटे, दोन घोडेस्वार. एक आपला खुंटा रोवून उभा राहायचा, दुसरा दोर ताणला जाईपर्यंत घोडा पुढे दामटायचा, मग पहिला उठून त्याच्या पुढे. असे शंभर दोर झाले की एक लीग. शेवटी नवा मालक गवत उपटून, चारी दिशांना दगड फेकून ताबा घेतल्याचं दाखवायचा. चामड्याचा दोर दमट हवेत एक माप देतो आणि उन्हात दुसरं, शिवाय सनदेतच ‘थोडं कमी-जास्त’ असं लिहिलेलं असायचं. चतुःसीमा म्हणजे एखादा ओढा, ओकचं झाड, टेकडीचा माथा. गुरं चारायला हे पुरेसं होतं. अनेकांनी हा टप्पाही कधी पुरा केला नाही.

आता दुसरी प्रक्रिया. 1848 च्या ग्वादालूपे इदाल्गो तहात मेक्सिकन लोकांच्या मालमत्तेचा मान राखू असं वचन होतं. 3 मार्च 1851 ला अमेरिकन काँग्रेसने कायदा केला: स्पॅनिश किंवा मेक्सिकन सरकारकडून मिळालेली जमीन सांगणाऱ्या प्रत्येकाने तीन सदस्यांच्या आयोगापुढे दावा मांडावा. पुरावा देण्याचं ओझं दावेदारावर. विरुद्ध बाजूला अमेरिकन सरकार.

मुदत नीट वाचा, कारण बरेच जण इथेच बुडाले. दोन वर्षं, आणि ती कायद्याच्या तारखेपासून. आयोग सॅन फ्रान्सिस्कोत कामाला बसला जानेवारी 1852 मध्ये. म्हणजे खिडकी उघडायच्या आधीच दहा महिने संपले होते. 3 मार्च 1853 पर्यंत जो आला नाही त्याची जमीन सरकारजमा. आयोग एकदा लॉस एंजेलिसला बसला, एरवी दक्षिणेकडच्या माणसाने कागद घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला जायचं आणि ज्या भाषेत आयुष्यात कधी अर्ज लिहिला नाही त्या भाषेत बाजू मांडायची.

दुसरा गैरसमज याहून घातक. ‘माझी सनद पूर्ण आहे, मला कशाला दावा हवा?’ लॉस एंजेलिसजवळच्या लास व्हिर्हेनेस रँचोचा दावा आयोगापुढे गेलाच नाही. पुढे मालकीण दोमिंगा दोमिंगेझ जागेवर बसलेल्यांविरुद्ध कोर्टात गेली. कॅलिफोर्नियाच्या वरिष्ठ न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. 1889 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. सनद कितीही निर्दोष असो, मुदतीत दावा नाही तर हक्क नाही. वॉर्नर रँचोवरच्या कुपेन्यो या मूळ रहिवाशांवर 1901 मध्ये हाच नियम लावला. ते तिथे कोणत्याही सनदेच्या आधीपासून राहत होते. ‘दावा मांडा’ हे त्यांच्या वस्तीत जाऊन कोणी नीट समजावलं नव्हतं, तरी 1903 मध्ये त्यांना गाव सोडून ‘पाला’ नावाच्या दुसऱ्या ठिकाणी जावं लागलं. मला हा निकाल आजही पटत नाही.

कागद अपुरे असलेल्यांचं काय? तिथे मात्र नशीब वेगवेगळं. लास मारिपोसास ही 10 चौरस लीगची सनद 1844 ची. नकाशा नाही, मोजणी नाही, विधानमंडळाची मान्यता नाही, घर बांधलेलं नाही. ती माजी गव्हर्नर अल्वाराडोकडून अमेरिकन लष्करी अधिकारी जॉन फ्रीमाँटने विकत घेतली आणि 1855 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंजूर केली: मान्यता आणणं गव्हर्नरचं काम, त्याची शिक्षा सनदधारकाला नको. तर्क योग्यच होता. पण लिमांतूर या फ्रेंच व्यापाऱ्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या भागावर आणि अल्काट्राझसह बेटांवर केलेला दावा आयोगाने 1856 मध्ये मंजूर केला आणि 1858 मध्ये कागदच बनावट निघाले. मग दप्तरात नोंद आहे का, हा प्रश्न प्रत्येकाला विचारला जाऊ लागला. 7 जुलै 1846 ला, मेक्सिकोशी युद्ध चालू असताना, मॉन्टेरेवर अमेरिकन झेंडा लागला, त्याच्या जरा आधीच्या तारखांकडे तर संशयानेच पाहिलं जाई. एका लबाडाची किंमत प्रामाणिक माणसांनी मोजली.

आयोगाने मंजुरी दिली तरी सरकार अपील करायचं: जिल्हा न्यायालय, मग सर्वोच्च न्यायालय, मग नवी मोजणी, मग पेटंट, म्हणजे अमेरिकन सरकारचा मालकीचा अंतिम दाखला. सरासरी 17 वर्षं. वकिलाची फी बहुधा जमिनीतूनच जायची. हुआना ब्रिओनेस या लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईने 1844 मध्ये ला पुरिसिमा कोन्सेप्सिओन हा रँचो होसे गोर्गोनियो या मिशनमधल्या मूळ रहिवाशाकडून विकत घेतला होता. तिला मूळ सनद आणि खरेदी दोन्ही सिद्ध करावं लागलं. तिचं पेटंट 1871 ला निघालं. ती टिकली कारण तिने मुदतीत चांगला वकील धरला.

आज एखाद्या रँचोची फाइल हवी असेल तर मूळ स्पॅनिश दप्तर शोधत बसू नका; त्याचा मोठा भाग 1906 च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतरच्या आगीत जळाला. न्यायालयाच्या प्रकरणांच्या फाइली बर्कलीच्या बँक्रॉफ्ट ग्रंथालयात आहेत, आणि तिथले दिसेन्यो ऑनलाइनही पाहता येतात. सॅक्रामेंटोच्या राज्य अभिलेखागारातही नकला आणि भाषांतरं आहेत. मालकाच्या नावाने शोधलं तर एकाच नावाचे अनेक जण निघतात. रँचोचं नाव आणि प्रकरण क्रमांक द्या, आणि क्रमांकासोबत न्यायालयाचा उत्तर जिल्हा की दक्षिण जिल्हा हेही लिहा, नाहीतर दुसऱ्याच रँचोची फाइल हातात येते.