कुंडलिकेवर राफ्टिंगला येताय? आधी वेळेचं बघा

"अर्धा तास उशीर होतोय, तेवढं थांबाल ना?" असा फोन सकाळी हमखास येतो. आम्ही थांबू, पण पाणी थांबत नाही.

पावसाळा सोडूनही कुंडलिकेवर राफ्ट चालतात, त्या मुळशी धरणाच्या पाण्यावर. ते घाटाखाली भिरा वीजघरात येतं, टर्बाइन फिरवतं आणि मग नदीला मिळतं. कधी आणि किती सोडायचं हे विजेच्या गरजेवर ठरतं. सकाळी पाणी आलं की साजे गावाजवळून सगळ्या राफ्ट त्याच्यासोबतच निघतात. मागे राहिलात की पातळी उतरते, राफ्ट खडकावर बसते आणि उतरून ओढावी लागते. उशिरा आलेल्यांना आम्ही पाण्यात उतरवत नाही ते म्हणूनच. अशा वेळी पैसेही परत मिळत नाहीत, कारण तुमची जागा रिकामी गेलेली असते. पाणीच सुटलं नाही, तर पूर्ण रक्कम परत किंवा दुसरी तारीख, तुम्ही सांगाल ते.

बहुतेकांची गल्लत एकच होते: दिलेली वेळ कोलाड नाक्याची समजतात. ती नदीकाठची असते. नाक्यापासून आतला रस्ता गावांमधून जातो, अरुंद आहे, समोरून एसटी आली की गाडी मागे घ्यावी लागते. शिवाय जॅकेट, हेल्मेट आणि सूचनांना अर्धा तास हवाच. पुण्याहून ताम्हिणीमार्गे येणाऱ्यांनी पावसाळ्यात धुक्याचा वेळ वेगळा धरावा. त्यापेक्षा आदल्या रात्रीच या. गावातल्या घरांत राहण्या-जेवणाची सोय आम्ही करून देतो, आणि तो पैसा गावातच राहतो.

जॅकेटचे सगळे पट्टे आवळा. खांद्याला धरून वर ओढल्यावर ते हनुवटीपर्यंत सरकलं, तर सैल आहे. पॅडलची वरची मूठ हातातून सोडू नका, शेजाऱ्याचे दात तीच पाडते. पाण्यात पडलात तर उताणे व्हा, पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेला. वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही. पाय दगडांत अडकला की प्रवाह माणसाला खाली दाबतो. सपाता चालत नाहीत, मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट घाला.

काठावर गावातल्या बायका कपडे धुतात. तिथे उघड्यावर कपडे बदलू नका, आमच्या शेडमध्ये खोल्या आहेत. दारूच्या बाटल्या आणू नका. प्यायलेल्याला राफ्टमध्ये घेत नाही, बुकिंग कितीही मोठं असो.