तैलरंगातला किनारा आणि मधली हवा

समुद्रकिनाऱ्याच्या चित्रात खोली आणायची म्हणून दूरचे सारे काही सरसकट निळे करण्याची सवय पुष्कळांना असते. पण हवा एकाच वेळी दोन कामे करते. दूरच्या वस्तूकडून येणारा प्रकाश ती वाटेत विखुरते आणि आजूबाजूचा सूर्यप्रकाश विखुरून आपल्या नजरेच्या रेषेत आणते. हवेच्या रेणूंमुळे होणारे हे विखुरणे तरंगलांबीच्या चौथ्या घाताशी व्यस्त प्रमाणात असल्यामुळे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशापेक्षा चौपटीहून अधिक विखुरतो. म्हणूनच गर्द झाडीचे भूशिर अंतराबरोबर निळसर होत जाते. उलट, दूरचे उन्हातले पांढरे शीड आपल्याच प्रकाशातला निळा अंश गमावून किंचित पिवळसर दिसते, आणि तिथेही निळा मिसळणारा चित्रकार फसतो.

किनाऱ्यावर मिठाच्या कणांची भर पडते. फुटत्या लाटांतून उडालेले हे कण रेणूंपेक्षा कितीतरी मोठे असल्याने सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. त्यामुळे इथले धुरकटपण दुधाळ असते आणि हे कण पाण्यालगत दाट असल्याने भूशिराचा पायथा पुष्कळदा माथ्यापेक्षा फिका दिसतो.

क्षितिजाबद्दल मात्र बहुतेकांचा अंदाज चुकतो. डोळे जमिनीपासून १.६ मीटर उंचीवर असतील, तर समुद्राचे क्षितिज अवघ्या साडेचार किलोमीटरवर असते. त्यामागे वीस किलोमीटरवर डोंगर असेल, तर तो त्या पाण्याच्या रेषेपेक्षा बराच पुसट हवा. स्वच्छ हवेत ही रेषा ठळक दिसू शकते.

तैलरंगांची गंमत अशी, की हीच क्रिया कॅनव्हासवर घडवता येते. रंगाची पूड ज्यात कालवलेली असते त्या जवसाच्या तेलाचा अपवर्तनांक (प्रकाश पदार्थात शिरताना किती वळतो याचे माप) सुमारे १.४८, तर टायटॅनियम व्हाइट या पांढऱ्या रंगाचा २.५ ते २.७ असतो, या तफावतीमुळे पांढऱ्याचे सूक्ष्म कण प्रकाश जोरदार विखुरतात. पूर्ण वाळलेल्या गडद थरावर कोरड्या कुंचल्याने पांढऱ्याचा विरळ थर घासला, की विखुरलेल्या प्रकाशात निळ्याचे प्रमाण अधिक राहते, आरपार गेलेला तांबडा खालचा गडद रंग शोषून घेतो आणि एक थेंबही निळा न वापरता डोंगर मागे सरकतो. झिंक व्हाइट हा दुसरा पांढरा रंग अधिक पारदर्शक असल्याने या कामाला मोहक वाटतो, पण त्याचा थर कालांतराने ठिसूळ होऊन तडकतो, त्यामुळे टायटॅनियमच विरळ करून वापरणे मला अधिक सुरक्षित वाटते.