बोलकं ॲप आणि वाक्य रचणारं एआय: शब्द नक्की कुणाचे?

पुण्यात विशेष मुलांच्या पालकांचे जे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, त्यांवर सध्या दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने फिरतात: ‘एआयवालं बोलकं ॲप’. दोन्ही टॅबवर चालतात, दोन्हींत चित्रं असतात, बोट लावलं की दोन्हींतून मराठी आवाज येतो. मी स्पीच थेरपिस्ट असल्यामुळे ‘ताई, यातलं कुठलं घेऊ?’ हा प्रश्न माझ्यापर्यंत येतोच. पहिल्या प्रकारचं ॲप मुलाने निवडलेला शब्द मोठ्याने म्हणतं. दुसरं, त्याच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधून त्याच्या तोंडी अख्खं वाक्य घालतं.

पहिला प्रकार जुना आहे. ज्यांना तोंडाने बोलता येत नाही किंवा फार थोडं येतं, त्यांच्यासाठी चित्रं, चिन्हं, खुणा, अक्षरांचे तक्ते, असं सगळं वापरलं जातं. आमच्या क्षेत्रात याला एएसी, म्हणजे पूरक आणि पर्यायी संवाद, म्हणतात. स्वमग्न मुलांना चित्र हातात देऊन वस्तू मागायला शिकवणारी ‘पेक्स’ ही पद्धत 1985 साली अमेरिकेत तयार झाली, तेव्हा त्यात कॉम्प्युटरचा संबंधही नव्हता. पुढे तेच तक्ते टॅबवर आले. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ मोफत आहे आणि मराठीत बोलतं. चेन्नईचं ‘आवाझ’ही आपल्याकडे बरंच वापरलं जातं. आपल्या कायद्यानेही हा मार्ग मान्य केला आहे: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘संवाद’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात अशा पूरक आणि पर्यायी पद्धती येतात.

दुसऱ्या प्रकारात मूल दोन-तीन चित्रं दाबतं आणि त्यांच्या आधारे भाषा-मॉडेल वाक्य बनवतं. हे मॉडेल प्रचंड मजकुरावर शिकलेलं असतं आणि कोणत्या शब्दांपाठोपाठ साधारण कोणते शब्द येतात, याचा हिशोब त्याला चांगला जमतो. पण तो मजकूर लिहिला कुणी? बहुतेक सगळा सहज लिहू-बोलू शकणाऱ्या माणसांनी. त्यामुळे मॉडेलने काढलेला अर्थ ‘साधारण लोक इथे काय म्हणतील’ हा असतो. समोरच्या मुलाला काय म्हणायचंय, हे त्याला ठाऊक नसतं.

याचा एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर घडलेला आहे. गणपतीच्या आधी नदीपात्राच्या बाजूला ढोल पथकांचा सराव सुरू होतो, त्या दिवसांतली गोष्ट. बारा-तेरा वर्षांचा एक स्वमग्न मुलगा थेरपीला आला होता. आईने टॅबवर नवं ॲप टाकून आणलं होतं. मुलाने तीन चित्रं दाबली: ढोल, नको, घर. टॅब छान स्वच्छ मराठीत म्हणाला, ‘मला ढोलाचा आवाज नको आहे, मला घरी जायचं आहे.’ आईच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण एवढं मोठं वाक्य तिने त्याच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. ती लगेच बॅग आवरायला लागली, तर त्याने बॅग ढकलून दिली. मी जुना साधा तक्ता काढला, ‘घर हवं’ आणि ‘घर नको’ ही दोन चित्रं शेजारी ठेवली. त्याने ‘घर नको’वर बोट टेकवलं आणि तसंच दाबून धरलं. त्यांचं घर नदीच्या बाजूलाच आहे. ढोल ऐकू येतात ते तिथे, माझ्या खोलीत नाही. व्याकरणाने शुद्ध असलेल्या त्या वाक्याने त्याच्या म्हणण्याचा अर्थ बरोब्बर उलटा केला होता. आणि वाक्य इतकं नेटकं होतं, की ‘तुला असं म्हणायचंय का?’ हे विचारायचं आम्हा दोघींनाही सुचलं नसतं, त्याने बॅग ढकलली नसती तर.

या क्षेत्राला हा धडा आधी एकदा मिळालेला आहे. 1990 च्या सुमारास अमेरिकेत ‘फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन’ची लाट आली होती. मदतनीस मुलाचा हात धरायचा आणि न बोलणारी मुलं कीबोर्डवर लांबलचक, भावपूर्ण वाक्यं लिहायची. मग काही अभ्यासकांनी साधी चाचणी घेतली: मुलाला एक चित्र दाखवलं आणि मदतनिसाला, त्याच्या नकळत, दुसरंच. उत्तर कुणाच्या चित्राचं आलं? मदतनिसाच्या. मदतनीस मुद्दाम फसवत नव्हते, आपणच लिहितोय हे त्यांना कळतसुद्धा नव्हतं. 1994 मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने या पद्धतीविरुद्ध ठराव केला आणि 2018 मध्ये तिथल्या स्पीच थेरपिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने ती वापरू नका, असं स्पष्ट सांगितलं. एआयच्या बाबतीत हात धरणारं कुणी नाही, एवढाच फरक आहे. वाक्य मुलाचं की दुसऱ्याचं, हा प्रश्न तोच राहतो.

म्हणून वाक्य रचणारं एआय कुणीच वापरू नये, असं मी म्हणणार नाही. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेली एखादी मुलगी कॉलेजात शिकते, भाषा तिची उत्तम आहे, पण एकेक अक्षर निवडायला तिला फार वेळ लागतो. तिला यंत्राने पुढचे शब्द सुचवले, अगदी पूर्ण वाक्य सुचवलं, तर ते वाचून ‘हे नाही, ते’ असं ती सांगू शकते. बोलू न शकणारे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग शब्द सुचवणारं सॉफ्टवेअरच वापरत होते. खरी पारख हीच आहे: सुचवलेलं वाक्य समजून ते नाकारणं त्या व्यक्तीला जमतं का? जमत असेल, तर वाक्य तिचंच. बौद्धिक अक्षमता असलेल्या किंवा भाषेची नुकती सुरुवात झालेल्या मुलाला ते जमत नसेल, तर त्याच्या नावाने दुसरंच कुणी बोलतंय.

मला सर्वांत काळजी वाटते ती ‘नको’ची. ही मॉडेल्स अदबीने बोलतात. मुलाने रागाने तीनदा दाबलेलं ‘नको’ त्यातून ‘मला आत्ता हे करायची इच्छा नाही’ असं गुळगुळीत होऊन बाहेर येतं. आपल्या मुलांना आंघोळ घालायला, कपडे बदलायला, व्हॅनमध्ये चढवायला सतत परकी माणसं हात लावत असतात. त्यांचं ‘नको’ जसंच्या तसं ऐकू येणं हा त्यांच्या सुरक्षिततेचा भाग आहे. दुसरं म्हणजे, टॅब आपणहून पूर्ण वाक्य म्हणायला लागला की घरची माणसं स्वतः चित्रांवर बोट ठेवत बोलणं सोडून देतात, आणि मूल हे तक्ते शिकतं ते मुख्यतः आपल्याला तसं बोलताना बघूनच.

मोठ्यांच्या कामाला मात्र एआय जरूर वापरा. उद्या दंतवैद्याकडे जायचंय, तर तिथे काय काय होईल याची सोप्या मराठीत चित्रगोष्ट करून घ्या, शाळेला द्यायच्या पत्राचा मसुदा घ्या, सरकारी अर्ज सोप्या भाषेत समजून घ्या. तिथे लिहिणारे आपण असतो आणि चूक झाली तर दुरुस्तही आपणच करतो. फक्त मुलाचे रिपोर्ट आणि व्हिडिओ कुठेही अपलोड करण्याआधी ते जातात कुठे, हे विचारा. 2023 च्या वैयक्तिक डेटा कायद्यात मुलांच्या, तसंच कायदेशीर पालक नेमलेल्या दिव्यांग व्यक्तींच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे.

ॲप घेण्याआधी दुकानात किंवा डेमोत एकच चित्र दाबून बघा. ‘पाणी’ दाबल्यावर ‘पाणी’च म्हणतं, की ‘मला तहान लागली आहे’? वाक्य पूर्ण करण्याची सोय बंद करता येते का? नंतर घरी, ज्याचं उत्तर फक्त मुलालाच माहीत आहे असं काहीतरी विचारा: आज डब्यात कुणी काय आणलं होतं, व्हॅनमध्ये शेजारी कोण बसलं होतं. उत्तर शाळेतल्या ताईंकडून पडताळून घ्या. आणि रोजच्या वहीत दोन रकाने ठेवा, एकात मुलाने दाबलेले शब्द त्याच क्रमाने, दुसऱ्यात आपण लावलेला अर्थ. मूल अठरा वर्षांचं झालं की 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करावा लागतो. कुठे राहायचं, कुणाबरोबर राहायचं, हे मुलाला विचारायची वेळ त्याच सुमाराला येते, तेव्हा यातला पहिला रकाना हाताशी हवा.