भीड मोडण्याचा सराव

बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या वर्गात नाव न घालता चिठ्ठ्या लिहून घ्यायच्या. प्रश्न दोनच: तू सिगारेट ओढतोस का? आणि तुझ्या वयाच्या शंभर मुलांपैकी किती जण ओढत असतील? उत्तरं फळ्यावर मांडली, की अंदाजाचा आकडा बहुधा खऱ्यापेक्षा बराच मोठा निघतो. ओढणारा एखादाच नजरेत भरतो. न ओढणाऱ्यांकडे कोण बघतं? ‘सगळेच करतात’ असं मनात बसलं, की मागे राहण्याची लाज वाटू लागते.

आपण मोठी माणसं मात्र काळ्या फुप्फुसांची चित्रं दाखवतो आणि काम झालं समजतो. माहिती हवीच, पण ती पुरत नाही. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये मुलांना व्यसनांपासून दूर ठेवण्यासाठी ‘डेअर’ हा शालेय कार्यक्रम सुरू झाला. पोलीस अधिकारी वर्गावर येऊन शिकवत. पुढे तो देशभर पसरला. पण १९९४ मध्ये त्याच्यावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मुलांच्या माहितीत भर पडलेली दिसली, व्यसनांवरचा परिणाम मात्र अगदी किरकोळ.

असं का होत असावं? २००५ मधल्या एका प्रयोगात मुलांना आणि प्रौढांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला होता. मित्र शेजारी असताना किशोरवयीन मुलांनी एकट्याने खेळताना घेतला त्यापेक्षा खूप जास्त धोका पत्करला. प्रौढांना त्याने फरक पडला नाही. म्हणजे धोका कळत असूनही चारचौघांत पाय घसरतो.

यावर उपाय म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिल्बर्ट बॉटविन यांनी या प्रयोगाच्या कितीतरी आधीच शाळेतल्या मुलांकडून ‘नाही’ म्हणण्याचा चक्क सराव करून घेतला होता. एक मुलगा म्हणतो, “एक झुरका घे रे, काय होतंय?” दुसरा पहिल्यांदा बुटांकडे बघत पुटपुटतो, “नको… म्हणजे नंतर.” पुन्हा करायचं. चौथ्या-पाचव्या खेपेला नजर वर येते: “मी नाही ओढत. चल, खेळायला जाऊ.” पोहण्यासारखंच आहे हे, पाण्यात उतरल्याशिवाय येत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या ५६ शाळांमध्ये याची चाचणी झाली. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा वर्षांनंतरही या मुलांमध्ये व्यसनं कमी होती, आणि जिथे अभ्यासक्रम बऱ्यापैकी पूर्ण शिकवला गेला तिथे फरक अधिक ठळक होता. एखाद्या दिवसाच्या व्याख्यानावर माझा विश्वास नाही तो यामुळेच.

तरीही चांगला कार्यक्रम उचलून कुठेही नेता येत नाही. युरोपात उपयोगी ठरलेला ‘अनप्लग्ड’ हा शाळांमधला व्यसनविरोधी कार्यक्रम ब्राझीलमध्ये राबवला, तेव्हा पहिल्यांदा दारू चाखणाऱ्या मुलांचं प्रमाण उलट वाढलं. ते उघडकीस आलं, कारण कार्यक्रम न मिळालेल्या शाळांमधल्या मुलांनाही तेच प्रश्न विचारले होते.