पाठमोरे तिघे, वळून पाहणारा एक

लंडनमधल्या लँकेस्टर गेट या भुयारी रेल्वे स्थानकात नोव्हेंबर १९७९ मध्ये काढलेला एक कृष्णधवल फोटो आहे. चौघे तरुण बोगद्यासारख्या वाटेने पुढे निघालेत. तिघे पाठमोरे, एकाने तेवढी मान वळवली आहे. बँडचं नाव ‘जॉय डिव्हिजन’ आणि मान वळवणारा त्यांचा गायक इयन कर्टिस. सहा महिन्यांनी, १८ मे १९८० रोजी, त्याने आत्महत्या केली. वय अवघं २३. त्यानंतर हा नुसता बँडचा फोटो उरला नाही.

तो काढणारा आंतोन कॉर्बाइन तेव्हा २४ वर्षांचा होता. लंडनमध्ये येऊन त्याला जेमतेम काही आठवडे झाले होते, इंग्रजी बेताचंच होतं, आणि ज्या संगीतासाठी त्याने देश सोडला ते याच बँडचं होतं. नेदरलँड्समधल्या स्ट्रायेन गावचा हा पाद्र्याचा मुलगा. १९७२ मध्ये, ग्रोनिंगन शहरात, वडिलांचा कॅमेरा घेऊन तो एका मैफलीला गेला. स्वभाव लाजाळू, गळ्यात कॅमेरा असला की रंगमंचाजवळ उभं राहायला निमित्त मिळतं, एवढाच हिशेब.

लंडनला ‘एनएमई’ या संगीत साप्ताहिकासाठी तो फोटो काढू लागला. जाड ग्रेन (फोटोत उमटणारे फिल्मचे दाणे), गडद काळे भाग, चेहऱ्याभोवती भरपूर रिकामी जागा ही त्याची ओळख झाली. स्टुडिओतल्या चकचकीत प्रकाशाशी त्याचं कधी फारसं जमलं नाही. पण माणसांशी जमलं की पिढीभर जमायचं. ‘यू टू’ या आयरिश रॉक बँडशी १९८२ मध्ये न्यू ऑर्लिन्सला गाठ पडली. त्यांच्या ‘द जॉशुआ ट्री’ (१९८७) या अल्बमचं कव्हर त्याचंच, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातलं. (कव्हरच्या आतल्या बाजूला दिसणारं एकटं झाड शोधायला चाहते त्याच नावाच्या राष्ट्रीय उद्यानात जातात. ते झाड तिथलं नव्हतंच. होतं तिथे ते कधीच उन्मळून पडलं.)

‘डेपेश मोड’ या इंग्लिश बँडचं प्रकरण याहून खोल. १९८६ मध्ये त्याने त्यांच्यासाठी पहिला व्हिडिओ केला. पुढे त्यांची कव्हरं, बोधचिन्हं, अगदी १९९३ च्या दौऱ्याचा रंगमंचसुद्धा त्याने रचला. या बँडचं दिसणं कॉर्बाइनने घडवलं, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती नाही. त्याच वर्षी ‘निर्वाणा’ या अमेरिकी बँडच्या ‘हार्ट-शेप्ड बॉक्स’ या गाण्याचा व्हिडिओ त्याने रंगीत चित्रित केला, मग कृष्णधवल करून घेतला आणि त्यावर पुन्हा फ्रेम दर फ्रेम हाताने रंग चढवले. तो भडक, आजारी लाल रंग कॅमेऱ्यातून थेट आलेला नाही.

मधल्या काळात कर्टिस सुटला नव्हता. १९८८ मध्ये ‘जॉय डिव्हिजन’च्या जुन्या गाण्याला कॉर्बाइनने व्हिडिओ दिला, त्यात झगा घातलेल्या आकृती त्या बँडचे मोठाले फोटो वाहून नेतात. आणि २००७ मध्ये, वयाच्या ५२व्या वर्षी, पहिला चित्रपट केला तोही कर्टिसवर. ‘कंट्रोल’ हा कर्टिसच्या पत्नीने लिहिलेल्या पुस्तकावर बेतलेला आहे. त्यात त्याने स्वतःचे पैसे घातले. इथेही चित्रीकरण रंगीत फिल्मवर आणि पडद्यावर मात्र कृष्णधवल. कान महोत्सवातला ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ विभाग त्या वर्षी याच चित्रपटाने उघडला.

पुढचे चित्रपट संगीतापासून लांबचे. जॉर्ज क्लूनी (२०१०), फिलिप सीमोर हॉफमन (२०१४) अशी मोठी नावं त्यांत आली. २०१५ चा चित्रपट हॉलिवूडचा नट जेम्स डीन आणि त्याचे फोटो काढणारा डेनिस स्टॉक यांच्याबद्दल होता. म्हणजे फोटोग्राफर पुन्हा आलाच! २०२२ मध्ये अल्बमची कव्हरं घडवणाऱ्या ‘हिप्नोसिस’ या जोडगोळीवर त्याने माहितीपट केला.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात ‘डेपेश मोड’चा अँडी फ्लेचर वारला. १९८६ च्या त्या पहिल्या व्हिडिओच्या वेळी बँडमध्ये चौघे होते; त्यांतला एक आधीच बँड सोडून गेला होता. २०२३ मध्ये कॉर्बाइनने त्यांचा नवा व्हिडिओ केला तेव्हा उरलेले दोघेच समोरासमोर बसून बुद्धिबळ खेळताना दिसतात. अर्थात कृष्णधवल.